मेडिकल कोडिंगचा अभ्यास : आधी वाट, मग कोड

“रोज किती कोड पाठ करायचे?” नागपूरजवळच्या हिंगणा, वानाडोंगरी, डिगडोह भागातल्या मुलामुलींशी मेडिकल कोडिंगबद्दल बोलायला बसलं की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो. कुणी बी. फार्म. केलेलं असतं, कुणी नर्सिंग, कुणी बीएएमएस, कुणी बायोटेक्नॉलॉजीत बीएस्सी. बारावीपासून पाठांतराच्या जोरावर सगळे इथवर आलेले. त्यामुळे “एकही नाही” हे माझं उत्तर ऐकून चेहरे पडतात. पण दुसरं उत्तर मला देता येत नाही. अमेरिकेत निदानांसाठी वापरतात त्या आयसीडी-१०-सीएम यादीत सत्तर हजारांहून जास्त कोड आहेत. आणि एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी परीक्षा पुस्तकं समोर ठेवूनच द्यायची असते : १०० प्रश्न, ४ तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. पुस्तक हाताशी असूनही अनेकजण अडकतात, ते कोडपर्यंत जायची वाट पायाखालची झालेली नसते म्हणून. अभ्यास करायचा तो या वाटेचा.

कामाची ओळख थोडक्यात. अमेरिकेतल्या डॉक्टरने रुग्णाची जी नोंद लिहिली, ती वाचून निदानासाठी आयसीडी-१०-सीएम, तपासणी-शस्त्रक्रियांसाठी सीपीटी आणि औषधं-साधनांसाठी एचसीपीसीएस यांतले कोड लावायचे. त्यावर विमा कंपनी पैसे देते. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथे हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ जानेवारी २०२२पासून लागू झाली असली, तरी अमेरिकेतली बिलं अजून दहाव्या आवृत्तीच्या सीएम रूपावरच चालतात. तेव्हा अकराव्या आवृत्तीचं काही हाती आलं तर ते सध्या बाजूला ठेवा.

आता वाट. नोंद वाचायची, मुख्य शब्द शोधायचा, तो पुस्तकाच्या वर्णानुक्रम सूचीत पाहायचा, तिथे मिळालेला कोड घेऊन मुख्य यादीत जायचं आणि तिथल्या सगळ्या सूचना वाचून मगच तो लिहायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण नवा विद्यार्थी दहापैकी सहा वेळा सूचीतला कोड पाहतो आणि तोच लिहून मोकळा होतो. हिंगण्याच्या लोकांना मी हे सातबाऱ्यावरून समजावून सांगते. आपल्याकडे इतके प्लॉट विकले गेले, घेतले गेले. दलालाने तोंडी सांगितलेल्या गट क्रमांकावर कुणी शहाणा माणूस इसार देतो का? तो सातबारा काढतो, फेरफार पाहतो, इतर हक्कांचा रकाना वाचतो. सूची म्हणजे दलालाने सांगितलेला क्रमांक. मुख्य यादी हा सातबारा.

आणि सातबाऱ्यावर नुसतं मालकाचं नाव वाचून भागत नाही, तसं यादीतही नुसती कोडची ओळ वाचून भागत नाही. त्या कोडच्या खाली काय लिहिलंय ते पाहा, मग वरच्या तीन अक्षरी गटाकडे जा, मग त्या विभागाच्या माथ्यावर, मग प्रकरणाच्या सुरुवातीला. “हा कोड आधी लिहा”, “सोबत आणखी एक कोड लावा”, “हे दोन एकत्र चालणार नाहीत” अशा सूचना नेमक्या या वरच्या पायऱ्यांवर बसलेल्या असतात. पहिले दोन महिने प्रत्येक कोडसाठी बोट पानावर ठेवून वर चढत जायची सवय लावा. वेळ लागतो, लागू द्या. वेग नंतर येतो. चुकीच्या वाटेवर मिळवलेला वेग मात्र पुढे मोडावा लागतो, आणि ते फार जड जातं.

एक आपलं उदाहरण घेऊ. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो आणि ऊन लागलेला माणूस दवाखान्यात आणतात. उष्माघात सूचीत शोधला की टी६७.०१ मिळतो. इथेच थांबलात तर कोड अपुरा. यादीत वर पाहिलं की कळतं, इथे सातवं अक्षर हवं : उपचार सुरू असताना ए, त्यानंतरच्या बरं होण्याच्या काळातल्या भेटीला डी, मागे राहिलेल्या दुष्परिणामाला एस. पण टी६७.०१ तर पाचच अक्षरी. सातवं अक्षर सातव्याच जागी बसलं पाहिजे, म्हणून मधली रिकामी जागा एक्सने भरायची : टी६७.०१एक्सए. सोबत ‘नैसर्गिक उष्णतेचा संपर्क’ हे कारण नोंदवायचं तर त्याचा मूळ कोड एक्स३०, म्हणजे तीनच अक्षरं. तिथे तीन एक्स भरून एक्स३०.एक्सएक्सएक्सए होतो. नियम पुस्तकात दोन ओळींचा आहे. वाचून तो आठवड्यात विसरतो, पण उन्हात पडलेल्या माणसासाठी एकदा स्वतः शोधून लिहिला की विसरत नाही.

म्हणून मी सांगत असते की सरावाची पहिली उदाहरणं आपल्या भोवतालच्या आजारांतून घ्या. सिकलसेल विदर्भात घराघरात माहीत आहे. आपल्याकडच्या आयाबायाही ‘एएस’ आणि ‘एसएस’ असे शब्द सहज बोलतात. एएस म्हणजे वाहक, त्याचा कोड डी५७.३, एसएस म्हणजे आजार, वेदनेचा झटका नसेल तर डी५७.१, झटका आला असेल तर डी५७.० च्या खालचे कोड. जो फरक तुम्हाला गल्लीत बसून कळतो, तोच फरक पुस्तक विचारतंय. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसचे रुग्ण वाढले होते, तो शोधा. हत्तीरोग शोधा. शेतात नाग चावला तर त्याचं विष ‘औषधं आणि रसायनं’ या वेगळ्या तक्त्यातून शोधावं लागतं, आणि तिथे अपघाताने, स्वतःहून, दुसऱ्याने केलेलं असे रकाने असतात, हे तेव्हाच लक्षात येईल.

तंबाखूच्या खर्ऱ्याचं उदाहरण तर मुद्दाम करावं असं आहे. खर्ऱ्याने तोंड उघडेनासं होतं, त्या ओरल सबम्युकस फायब्रोसिसला के१३.५. गालाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग असेल तर सी०६.०, आणि तिथेच सूचना भेटते : तंबाखूचा कोड सोबत लावा. कोणता? डॉक्टरने ‘तंबाखूचं सेवन’ एवढंच लिहिलं तर झेड७२.०. ‘चघळण्याच्या तंबाखूवर अवलंबित्व’ लिहिलं तर एफ१७.२२०, अर्थात इतर गुंतागुंत नसेल तर. खर्रा खाणाऱ्या माणसाची सवय सुटत नाही हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हात आपोआप दुसऱ्या कोडकडे जातो. तो आवरायचा. आपल्याला काय ठाऊक आहे याला इथे किंमत नाही. कागदावर डॉक्टरने काय लिहिलंय यालाच आहे. नर्सिंग आणि बीएएमएसच्या मुलांना ही शिस्त सगळ्यात अवघड जाते, कारण त्यांना निदान करता येतं. कोडरने निदान करायचं नसतं.

याच शिस्तीचा दुसरा भाग म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांचं दर वर्षी निघणारं अधिकृत पुस्तक. ते अमेरिकी सरकार संकेतस्थळावर फुकट देतं, आणि तरीही तेच सगळ्यात कमी वाचलं जातं. रोज दोन पानं, पण पेन्सिल हातात घेऊन वाचा, आणि प्रत्येक नियमाला एक रुग्ण शोधा. ताप आलेल्या माणसाच्या ओपीडी कागदावर डॉक्टरने ‘डेंग्यू असावा’ लिहिलं. ओपीडीच्या नियमानुसार ‘असावा’, ‘शक्यता’, ‘संशय’ यांना कोड नाही. तापालाच कोड, आर५०.९. पण तोच माणूस भरती झाला आणि सुट्टीच्या वेळीही ‘डेंग्यू असावा’ असंच लिहिलेलं राहिलं, तर काही मोजके अपवाद सोडता त्याला डेंग्यूचाच कोड लागतो, ए९०. एकच शब्द, दोन ठिकाणी दोन उत्तरं. वहीत दोन्ही रुग्ण शेजारी शेजारी लिहून ठेवा.

साखर, बीपी आणि किडनी हे त्रिकूटही असंच. डॉक्टरने कागदावर टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब आणि दीर्घकालीन किडनीविकार टप्पा ३बी असं नुसतं एकाखाली एक लिहिलंय. कशामुळे काय झालं ते लिहिलेलं नाही. तरी नियम त्यांचं नातं गृहीत धरतो, जोपर्यंत डॉक्टर स्वतः ते नाकारत नाही : ई११.२२, आय१२.९ आणि टप्प्यासाठी एन१८.३२. नवखा विद्यार्थी इथे ई११.९ आणि आय१० लिहून पुढे जातो आणि दोन्ही चुकतात. मागे म्हटलं की कागदावर नाही ते लावायचं नाही, आणि इथे नातं तर कागदावर नाही! ते नियमाने दिलंय. कागद आणि नियम या दोघांखेरीज तिसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही, असं स्वतःला बजावून ठेवा.

आता भाषेबद्दल, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या मनात याचीच धास्ती जास्त असते. वैद्यकीय इंग्रजीतले बरेच शब्द मुळात ग्रीक-लॅटिन आहेत, आणि ग्रीक-लॅटिन ही संस्कृतची भावंडं. त्यामुळे मराठी मुलांकडे एक ठेवा आयता आहे, तो कुणी वापरत नाही. ‘पेरी’ म्हणजे परि, सभोवती : पेरिकार्डियम हे हृदयाभोवतीचं आवरण, आणि त्यातलं ‘कार्डिया’ आपल्या हृद्‌चं नातेवाईक. ‘हायपर’ म्हणजे उपरि, वर. ‘हायपो’ म्हणजे उप, खाली. ‘डिस’ म्हणजे दुस्, जे दुष्काळ, दुर्दशा यांत भेटतं. ‘एन्टेरॉन’ म्हणजे अंत्र, ज्याचं मराठीत आतडं झालं. तेव्हा डिसेंट्री हा शब्दच मुळी ‘आतड्याची दुर्दशा’ सांगतो. ‘ऑस्टिऑन’ म्हणजे अस्थि, ‘ओडोन्ट’ म्हणजे दंत, ‘थर्मो’ म्हणजे घर्म, ज्याचा आपण घाम केला. अनीमियातला ‘अन्’ हा अनारोग्यातलाच अन् आहे. अशी दोन रकान्यांची वही करा. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला आपल्या ओळखीचा शब्द. ओळखीचा मिळाला नाही, तर एखादा रुग्ण लिहा.

शेवटाकडचे प्रत्यय मात्र दोन दिवसांत पक्के करा, कारण सीपीटीमध्ये ते सतत लागतात : ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढून टाकणं, ‘ओटमी’ म्हणजे चीर देणं, ‘ओस्टमी’ म्हणजे बाहेर तोंड काढून देणं. कोलेक्टमी, कोलोटमी, कोलोस्टमी. एकाच आतड्यावरची तीन वेगळी कामं.

आणि एक सावधगिरी. नोट्स मराठीत काढा, समज मराठीत पक्की करा, पण शब्दाचं स्पेलिंग इंग्रजीतच लिहा. देवनागरीत ‘इलियम’ लिहिलं की लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड दोन्ही एकच दिसतात; इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे आणि त्या अक्षरावर पोट की हाड हे ठरतं. डिस्फेजिया म्हणजे गिळता न येणं आणि डिस्फेझिया म्हणजे बोलण्यात अडथळा, तिथेही तेच. अशा जुळ्यांचं एक पान वेगळं ठेवा.

लक्षात राहण्याचं काय? १८८५मध्ये एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरलं जातं, आणि मध्ये अंतर सोडून उजळणी केली की टिकतं. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट घेतले. एकाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. आपली मुलं पहिल्या गटातला अभ्यास करतात. पिवळ्या हायलायटरने पान रंगवतात, तिसऱ्यांदा वाचतात, सगळं ओळखीचं वाटतं आणि अभ्यास झाला असं समजतात. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत अंतर आहे.

त्यासाठी छोटी कार्डं करा. कोडची नकोत, नियमांची, प्रत्ययांची, जुळ्या शब्दांची. पुढे प्रश्न, मागे उत्तर. लोकमान्य नगरला मेट्रोत बसलात की सीताबर्डीपर्यंत दहा टप्पे पडतात. बन्सी नगर, वासुदेव नगर, रचना रिंग रोड... एका टप्प्यात एक कार्ड. उत्तर मनात पूर्ण म्हणून झाल्याशिवाय उलटायचं नाही. जे आलं ते तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने पुन्हा. जे चुकलं ते परतीच्या गाडीतच.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती चुकांची वही. सरावाचा प्रश्न चुकला की विद्यार्थी योग्य उत्तर पाहतो, “अरे हो” म्हणतो आणि पुढचा प्रश्न घेतो. चूक तिथल्या तिथे जिवंत राहते. त्याऐवजी चार गोष्टी लिहा : मी काय लिहिलं, बरोबर काय, पुस्तकाच्या कोणत्या पानावर ते सांगितलंय, आणि मी कुठे घसरलो. घसरण्याच्या जागा फार नसतात. नोंद नीट वाचली नाही, शब्दाचा अर्थ चुकला, सूचीवरच थांबलो, वरच्या पायरीवरची सूचना पाहिली नाही, नियम ठाऊक नव्हता, घाई केली. महिनाभराने वही चाळा. माझी पहिली वही चाळली तेव्हा निम्म्याहून अधिक चुका एकाच प्रकारच्या निघाल्या : उजवा की डावा हे वाचायचंच मी विसरत होते. त्यानंतर प्रत्येक नोंदीत बाजूच्या शब्दाला आधी गोल करायचा, एवढी एकच सवय लावून घेतली. जाडजूड पुस्तक पुन्हा वाचून ते झालं नसतं.

जोडीने अभ्यास करायला मिळाला तर फारच चांगलं. दोघांनी एकच नोंद वेगवेगळ्या खोलीत बसून कोड करायची आणि मग ताळा करायचा. वाद होऊ द्या, पण एक अट पाळा : “मला वाटतं” चालणार नाही. ज्याचं म्हणणं असेल त्याने पान उघडून ओळीवर बोट ठेवायचं. पुढे नोकरीत हेच लागतं. ऑडिटमध्ये कोड चुकीचा ठरवला तर आपली बाजू ओळीच्या आधारानेच मांडावी लागते, आणि अचूकतेची अपेक्षा बहुतेक ठिकाणी ९५ टक्क्यांच्या आसपास असते.

सरावाला नोंदी कुठून आणायच्या? पहिल्या काही नोंदी घरातच आहेत. आजीचं मोतीबिंदूचं डिस्चार्ज कार्ड, वडिलांचे साखरेचे रिपोर्ट कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात. त्यांना विचारून घ्या. अमेरिकी नोंदीची घडण वेगळी असते, पण डॉक्टरचं अक्षर, संक्षेप आणि गाळलेले शब्द यांतून अर्थ काढायचा सराव इथेच होतो. हिंगणा रोडवर मोठी रुग्णालयं आहेत, तिथे ओळखीपाळखीचे लोक काम करतात. त्यांच्याकडून कुणा रुग्णाचे कागद मोबाइलवर मागवू नका, कुणी पाठवले तर ठेवू नका. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा या पेशाचा पाया आहे आणि तो शिकाऊ असतानाच पडतो.

पुस्तकं महाग आहेत, म्हणून सेकंडहँड घेण्याचा मोह होतो. शिकायला, पानं उलटायला एखाद्या वर्षाचं जुनं पुस्तक चालेल. परीक्षेला आणि कामाला नाही. निदानांचे कोड दर वर्षी १ ऑक्टोबरला बदलतात, सीपीटी १ जानेवारीला. मघाशी ज्या किडनीविकाराचा टप्पा ३ पाहिला, तो २०२०च्या ऑक्टोबरपर्यंत एन१८.३ असा एकच कोड होता. मग त्याचे तीन झाले. त्याआधीचं पुस्तक घेऊन बसलेला विद्यार्थी प्रामाणिकपणे अभ्यास करून चुकीचं उत्तर लिहील. तेव्हा क्लासला पैसे भरण्याआधी विचारा : कोणत्या वर्षाची पुस्तकं वापरता, रोज किती नोंदी कोड करून घेता, चुका कोण तपासतं? ‘शंभर टक्के नोकरी’ असा फलक लावणाऱ्याने या तीन प्रश्नांना सरळ उत्तरं दिली नाहीत, तर फी खिशातच ठेवा. हेही जाणून घ्या की कामाचा अनुभव नसताना सीपीसी उत्तीर्ण झालात, तर नावापुढे शिकाऊपणाचा ‘ए’ लागून येतो; तो अनुभवाने निघतो. त्याने कमीपणा मानू नका.

वेळ किती द्यायचा? एमआयडीसीत पाळी करून आलेल्या मुलाला मी चार तास सांगणार नाही. रोज दीड तास, पण ठरलेला : पहिली दहा मिनिटं कालच्या चुका, मग एक तास नोंदी, उरलेला वेळ मार्गदर्शक तत्त्वांची दोन पानं. रविवारी नवीन काही नाही, फक्त आठवड्याची उजळणी. एप्रिल-मेमध्ये दुपारी कूलरसमोरही डोकं चालत नाही. पहाटेची वेळ धरा.

परीक्षेच्या दीड महिना आधी घड्याळ लावायला सुरुवात करा. शंभर प्रश्नांना चार तास म्हणजे एका प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद. जिथे पान सापडत नाही तिथे खूण करून पुढे जायची सवय याच दिवसांत लागते. पुस्तकात काय लिहिता येतं, खुणेच्या पट्ट्या कशा चालतात, सुटे कागद का चालत नाहीत, हे संस्थेच्या त्या वर्षीच्या नियमांत वाचून घ्या आणि परीक्षेला न्यायचं पुस्तकच सरावाला वापरा. हाताला पानांची जागा कळलेली असते. परीक्षा घरून ऑनलाइन देणार असाल तर तारीख मान्सूनपूर्व वादळांच्या दिवसांतली घेऊ नका. आपल्याकडे वारा सुटला की वीज जाते. इन्व्हर्टर चार तास पुरतो का, हे आठवडाभर आधी एकदा लावून पाहा. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की चार तास दार वाजवायचं नाही.